कपाटाला दर्जा नसतो

वर्ष सरत आलं की वाचकांच्या याद्या येऊ लागतात. यंदा काय वाचलं, काय आवडलं, काय अर्ध्यावर सोडलं. आणि अशा यादीखाली भांडण ठरलेलंच. कुणी नेमाड्यांच्या ‘कोसला’च्या खालच्या ओळीत नारायण धारपांची भयकादंबरी लिहिली, की एक जण विचारतो, ‘हे वाचन म्हणायचं का?’ लगेच दुसरा अंगावर धावून जातो, ‘ज्याला जे आवडेल ते तो वाचेल, तुम्ही कोण सांगणारे?’ पहिला म्हणतो मराठीचा दर्जा घसरला, दुसरा म्हणतो दर्जा ही मूठभरांची मिरास आहे. मग दोन्हीकडचे आपापले पाठीराखे जमवतात आणि ज्या पुस्तकावरून सुरुवात झाली त्याचं नावही पुढे निघत नाही.

मला या भांडणात दोघंही सारखेच आळशी वाटतात. पहिला कपाटावरची चिठ्ठी वाचून निकाल देतो: रहस्यकथा, भयकथा, विज्ञानकथा, म्हणजे दुय्यम. दुसरा निकाल द्यायलाच नको म्हणतो. पुस्तक उघडून, ते काय करू पाहतं, ते त्याला कितपत जमलंय, कुठे त्यानं वाचकाला फसवलंय हे सांगण्याचे कष्ट दोघांनाही नको आहेत. दर्जा नावाची गोष्ट असते, ती चोख तपासली पाहिजे, असं माझं मत आहे. पण ती तपासायची पुस्तकागणिक. कपाटाला दर्जा नसतो.

हे मी आत्ता मांडतोय याला निमित्त गेल्या काही महिन्यांतल्या वाचनाचं. त्यात काही क्रम नव्हता. गोडसे भटजींचा ‘माझा प्रवास’, लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ पुन्हा एकदा, धारपांच्या दोन-तीन कादंबऱ्या, नारळीकरांच्या विज्ञानकथा, बाबूराव अर्नाळकरांच्या जुन्या, पिवळ्या पडलेल्या रहस्यकथा, शिवाय एक-दोन ऐतिहासिक कादंबऱ्या. एकापाठोपाठ एक वाचताना जाणवलं ते असं, की ही पुस्तकं एकमेकांची परीक्षा घेतात. एकाच जातीची दहा पुस्तकं सलग वाचली तर त्या जातीच्या सवयी खुपेनाशा होतात. शेजारी वेगळ्या जातीचं पुस्तक आलं की लगेच खुपतात.

‘माझा प्रवास’चंच घ्या. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे, कर्जानं गांजलेले, मथुरेला बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार आणि दक्षिणा चांगली मिळणार असं ऐकून 1857 साली काकांबरोबर उत्तरेकडे निघाले आणि थेट बंडाच्या वणव्यात सापडले. झाशीला वेढा पडला तेव्हा ते झाशीत होते. शहर पडल्यावरची कत्तल आणि लूट त्यांनी डोळ्यांनी पाहिली. लुटीचा क्रमसुद्धा हा माणूस नोंदवतो: आधी सोनंनाणं, मग भांडीकुंडी, कपडे, धान्य. मिळवलेली दक्षिणा वाटेत पुन्हा पुन्हा लुटली जाते आणि शेवटी हाती राहते ती आईवडिलांसाठी आणलेली गंगेची कावड. आता हे पुस्तक कुठल्या कपाटात ठेवायचं? प्रवासवर्णन, आत्मचरित्र, इतिहासाचं साधन? मला तर ते वाचताना उत्तम थरारकथेसारखी धाप लागली. चिंतामणराव वैद्यांनी 1907 साली ते छापलं तेव्हा त्यात फेरफार केले. भटजींच्या मूळ हस्तलिखिताबरहुकूम मजकूर वाचकांच्या हाती यायला 1966 साल उजाडावं लागलं. भटजींनी हे लिहिलं ते वैद्यांच्या आग्रहावरून. साहित्य लिहायला ते बसलेच नव्हते, आणि तरीही एकोणिसाव्या शतकातलं इतकं जिवंत मराठी गद्य शोधून फार सापडणार नाही.

‘स्मृतिचित्रे’ची गोष्ट निराळी, पण अशीच विलक्षण. शाळेचं तोंड न पाहिलेल्या बाई, रेव्हरंड टिळकांच्या पत्नी, उतारवयात आठवणी सांगतात. 1934 पासून त्या पुस्तकरूपानं येऊ लागतात आणि मराठी आत्मचरित्राची उंचीच बदलते. त्यात जलालपूरच्या घरी त्यांच्या वडिलांच्या सोवळ्याचं वेड आहे, सगळ्या घराला जेरीस आणणारं. लक्ष्मीबाई त्याबद्दल तक्रारीचा सूर लावत नाहीत, गंमत सांगितल्यासारखं सांगतात, आणि हसता हसता लक्षात येतं की त्या घरात माणसं कशी भरडली गेली. आपल्याकडच्या वाङ्मयीन सोवळ्याची मला ते वाचताना आठवण आली. तिथेही काय शिवलं याचीच चौकशी. काय शिजलं हे कुणी विचारत नाही.

विरुद्ध बाजूचं म्हणणं मात्र मी हसण्यावारी नेणार नाही. त्यातलं पहिलं बिनतोड आहे: आयुष्य लहान आहे. वर्षाला वीस पुस्तकं वाचणारा माणूस आपल्याकडे बराच वाचणारा समजला जातो. त्यानं पन्नास वर्षं हा नेम पाळला तर हजार पुस्तकं होतात. आणि एकट्या अर्नाळकरांच्या रहस्यकथा हजाराच्या वर आहेत! म्हणजे झुंजार आणि काळापहाड या त्यांच्या नायकांच्या मागे धावता धावता अख्खं वाचनायुष्य संपू शकतं, ज्ञानेश्वरीपासून नामदेव ढसाळांपर्यंत सगळं बाजूला ठेवून. निवड करावीच लागते, आणि निवड करायची म्हणजे काहीतरी कमी महत्त्वाचं ठरवणं आलं. ‘ज्याला जे आवडेल ते’ म्हणणाऱ्यांकडे याचं उत्तर नाही.

दुसरा मुद्दा ‘सत्यकथा’ मासिकाचा. मराठी नवकथा आणि नवकविता घडली ती संपादकांच्या कडकपणातून. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन लेखकांकडून कथा पुन्हा पुन्हा लिहून घेत, लांबलचक पत्रं पाठवत, साभार परत करत. तो कडकपणा नसता तर गाडगीळ, गोखले, माडगूळकर आज आपण वाचतो तसे आपल्यापर्यंत आले असते का? मला शंका आहे. सगळंच चालतं म्हणणाऱ्या घरात असं काही उगवत नाही. आणि तिसरा मुद्दा, ठोकळ्यांचा. रंजक लेखन पुष्कळदा वाचकाच्या मनात आधीपासून असलेले समज गोंजारतं. दुष्ट माणूस दिसायला कुरूप, नायिका गोरी आणि सोशिक, गुन्हेगार परजातीचा किंवा परधर्माचा. हे वर्षानुवर्षं वाचून मनावर काहीच चढत नाही असं म्हणणं म्हणजे पुस्तकांचा परिणामच होत नाही असं म्हणणं.

हे तिन्ही मुद्दे मला मान्य आहेत. पण त्यांतून कपाट बंद करावं हे निघतं कसं? वेळ थोडा आहे म्हणून वाईट पुस्तकं टाळा, हे ठीक. पण वाईट पुस्तकं सगळ्याच कपाटांत असतात. बाळबोध रहस्यकथा वाचण्यात संध्याकाळ गेली तर निदान ती संध्याकाळच जाते. पहिल्या पानापासून आपल्या गांभीर्यावर खूश असलेली, निवेदकाच्या एकटेपणाखेरीज काहीही न सांगणारी ‘वाङ्मयीन’ कादंबरी चारशे पानं खाते आणि वर आपल्यालाच काही कळलं नाही असा अपराधी भाव देऊन जाते. ‘कोसला’ 1963 साली आली, तिच्या पाठोपाठ तिच्या नायकाची, पांडुरंग सांगवीकराची, किती चुलत-मावस भावंडं येऊन गेली? त्यांना रंजक कुणी म्हणणार नाही. ठोकळा मात्र तोच. ठोकळे साच्यातून निघतात हे खरं, पण साचा फक्त रहस्यकथेलाच असतो हा समज त्या कादंबऱ्या पुरेपूर खोटा ठरवतात.

‘सत्यकथे’च्या कडकपणाबद्दल तर माझी तक्रार उलटी आहे. तो कडकपणा इतका मोलाचा होता, तर तो रहस्यकथेच्या, भयकथेच्या वाट्याला का आला नाही? अपवाद होते. अनंत अंतरकरांनी ‘नवल’मधून अद्भुत आणि गूढ कथेला घर दिलं. पण मराठी समीक्षेनं सरसकट केलं ते हे, की या लेखनाकडे पाठ फिरवली, ते आपोआप वाढलं तसं वाढू दिलं आणि मग ते कसं रानटी वाढलंय म्हणून नाक मुरडलं. धारपांना कडक संपादक मिळता तर? त्यांच्या चांगल्या पानांत एक दुर्मिळ गोष्ट आहे. भीती कुठल्या किल्ल्यात वगैरे नसते. ती वारसाहक्कानं मिळालेल्या घरात, नोकरदार माणसाच्या हिशेबी आयुष्यात, दुपारी चारच्या उन्हात हळूहळू शिरते. मराठी मध्यमवर्गाला आपल्या मालमत्तेची आणि आपल्या पूर्वजांची जी धास्ती असते, ती त्यांनी अचूक पकडली. पण समर्थ, म्हणजे दुष्ट शक्तींशी लढणारा त्यांचा नायक, आले की सगळं सुटतं. समर्थांची शक्ती मोठी, म्हणून दुष्ट शक्ती हरते. वाचकाच्या पोटात गोळा आलेला असतो तो एका पानात विरतो. काही कादंबऱ्या तर इंग्रजी भयकथांवर सरळ बेतलेल्या, आणि सांधे दिसतात. हे सगळं त्यांच्या हयातीत कुणीतरी त्यांना नीट, मानानं, मुद्देसूद सांगायला हवं होतं. ते 2008 साली गेले. आजही त्यांच्याबद्दल जे लिहिलं जातं ते एकतर लहानपणच्या आठवणींनी ओलं झालेलं असतं, नाहीतर तुच्छतेनं कोरडं.

उलट उदाहरण विज्ञानकथेचं. 1966 साली मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली, तिनं विज्ञानकथांच्या स्पर्धा घ्यायला सुरुवात केली. 1974 साली त्या स्पर्धेत ‘कृष्णविवर’ नावाची कथा आली, लेखक नारायण विनायक जगताप. तिला बक्षीस मिळालं आणि मग कळलं की लेखक जयंत विष्णू नारळीकर आहेत, आद्याक्षरं उलटी करून आलेले. जगभर नाव झालेला खगोलशास्त्रज्ञ टोपणनाव घेऊन येतो, कारण त्याला नावामुळे मिळणारी सूट नको होती. म्हणजे परीक्षक आहेत, परीक्षा खरी आहे, हे त्यानं धरून चाललं होतं. पुढे विज्ञानकथेची वाट मराठीत रुंद होत गेली, आणि 2021 च्या नाशिकच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद त्याच नारळीकरांकडे आलं. या सगळ्यामागे नारळीकरांची प्रतिभा आहेच. पण ज्या कपाटाला परीक्षक मिळाले ते कपाट वाढलं, हेही दिसतं. आता मी पुन्हा वाचल्यावर मला त्यांच्या कथांमधली माणसं पातळ वाटली. पुष्कळदा एक पात्र विचारण्यापुरतं असतं आणि दुसरं समजावून सांगण्यापुरतं. पण ‘उजव्या सोंडेचा गणपती’सारखी कल्पना, डावं-उजवं उलटण्याचा भूमितीतला चमत्कार थेट देवघरातल्या मूर्तीवर आणून ठेवणं, हे अजूनही ताजं आहे. दोन्ही गोष्टी एकाच दमात सांगता आल्या पाहिजेत. ‘आमच्या नारळीकरांबद्दल असं कसं बोललात’ म्हणणारा वाचक त्यांचा मान ठेवत नाही, त्यांना फोटोत बसवतो.

रंजक वाचनाचा कैवार घेणारे एक लाडका युक्तिवाद करतात, तोही इथेच मोडीत काढलेला बरा. म्हणे, आधी पोरं अर्नाळकर वाचतील, मग हळूहळू वर चढत नेमाड्यांपर्यंत येतील. वरवर उदार, पण आतून तोच उच्चनीचपणा. यात अर्नाळकर ही पायरी झाली, पाय ठेवून पुढे जायची. शिवाय हे खरंही नाही. हजारो वाचक आयुष्यभर त्या पायरीवर बसून सुखी असतात, आणि वर पोहोचलेले पुष्कळ जण खाली यायला लाजतात, एवढंच.

पण पायरीपेक्षा फार गुंतागुंतीचं नातं या दोन लेखनांत आहे आणि मराठी कादंबरीच्या मुळाशीच ते दिसतं. 1857 साली बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ आली, विधवांच्या हालांबद्दलची, हेतूनं गंभीर. वाचक मात्र पुढची काही वर्षं ‘मुक्तामाला’ आणि ‘मंजुघोषा’ यांच्या मागे गेला, कारण तिथे अद्भुत प्रसंग होते, ताटातूट होती, योगायोग होते. सुधारकांना त्याचा वैताग येणं साहजिक होतं. मग हरिभाऊ आपटे आले. मराठी वास्तववादी कादंबरीचे जनक म्हणून आपण त्यांना हात जोडतो, पण त्यांची पहिली कादंबरी, 1885 ची ‘मधली स्थिती’, कशावर बेतलेली होती? रेनल्ड्सवर! लंडनच्या गल्लीबोळांतली रहस्यं रंगवणारा, तिथल्या अभिजनांनी हलका ठरवलेला, आणि हिंदुस्थानात मिळेल तिथून मिळवून वाचला जाणारा तो लेखक. पुढे 1890 साली ‘करमणूक’ सुरू झालं आणि त्यात ‘पण लक्षात कोण घेतो’ची प्रकरणं येऊ लागली. यमूची ती कहाणी आज वाचताना तिचा विषय गंभीर आहे हे तर कळतंच. पण प्रकरण कुठे तोडायचं, पुढच्या अंकासाठी वाचकाचा जीव कुठे टांगून ठेवायचा, ही कारागिरी कुठून आली? ती सामाजिक निबंधातून आलेली नाही. आणि त्या साप्ताहिकाचं नाव तरी काय, ‘करमणूक’. हरिभाऊंना ते ठेवताना संकोच वाटला नाही.

दुसऱ्या पक्षाचं एक म्हणणं अजून उरलं. दर्जा ही सत्ता आहे, वरच्यांनी खालच्यांना बाहेर ठेवायला वापरलेली. याला इतिहासाचा आधार आहे आणि तो नाकारणं अप्रामाणिकपणाचं होईल. 1885 साली ग्रंथकारांच्या सभेचं निमंत्रण जोतीराव फुल्यांनी नाकारलं. शूद्रातिशूद्रांचं दुःख ज्यांच्या लिखाणात येतच नाही अशा, उंटावरून शेळ्या हाकणाऱ्या ग्रंथकारांशी आपला मेळ बसणार नाही, हा त्यांचा रोख. अण्णाभाऊ साठ्यांची ‘फकिरा’ 1959 साली आली, बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केलेली. तिला राज्य सरकारचं पारितोषिक मिळालं, कामगार वस्त्यांतून ती हातोहात फिरली. पण विद्यापीठीय समीक्षेनं अण्णाभाऊंच्या कादंबऱ्यांचा ढीग कितीतरी वर्षं ‘रंजक’ किंवा ‘प्रचारकी’ म्हणून बाजूला सारला. कपाट बघून निकाल देण्याची किंमत कोण भरतं हे इथे उघड दिसतं.

पण फुल्यांनी निकालच नको असं कुठे म्हटलंय? त्यांचं पत्र म्हणजे त्या काळच्या ग्रंथकारांवरचा जळजळीत निकाल आहे. तुमच्या ग्रंथांत अमुक नाही, म्हणून ते अपुरे आहेत. 1969 साली बंडखोर तरुण लेखकांनी ‘सत्यकथे’ची होळी केली, तीही ‘काहीही चालतं’ म्हणणाऱ्यांनी केलेली नव्हती. त्यांच्यातल्या राजा ढाल्यांनी ‘सत्यकथे’वर जे लिहिलं ते शब्दाशब्दाला भिडणारं वाचन होतं, संपादकांच्या आवडीनिवडीची चिरफाड करायची तर आधी अंक बारकाईनं वाचावे लागतात. सत्तेला आव्हान देणारे हे सगळे लोक निकष वाढवा म्हणत होते. आजचे काही जण त्यांचं नाव घेऊन निकष बुडवा म्हणतात. अण्णाभाऊंच्या बाजूनं बोलायचं तर ‘फकिरा’ची सुरुवातीची गती, वाटेगावच्या परिसराची त्यांची भाषा, आणि त्याबरोबर काही कादंबऱ्यांत घाईघाईनं गुंडाळलेले शेवट, याबद्दल बोला. ते वाचून झाल्यावर आदर वाढतो. नुसत्या जयजयकारानं पुतळे वाढतात, आणि पुतळे आपल्याकडे कमी नाहीत.

कपाट बघून निकाल देण्याची एक सौम्य, अंगवळणी पडलेली तऱ्हाही आहे. तिच्यात कपाटाला अवाजवी मान मिळतो. ऐतिहासिक कादंबरी हे आपलं सगळ्यात लाडकं कपाट. ती रंजक आहे, खपते, साच्यातून निघते, रहस्यकथेसारखंच. पण तिच्या मुखपृष्ठावर जिरेटोप असतो, म्हणून तिला कुणी हलकं म्हणत नाही. उलट तिच्यावर बोट ठेवलं तर इतिहासपुरुषाचा अवमान होतो. मी अशा दोन कादंबऱ्या गोडसे भटजींच्या लगेच नंतर वाचल्या, आणि एका प्रकरणातच अवघडलो. सरदार बोलतो तो भाषण केल्यासारखा. राणी झोपायच्या आधी स्वगत म्हणते. कुणालाही भूक लागत नाही, पैशाची चणचण नसते, पाय दुखत नाहीत. भटजींच्या पुस्तकात राणी लक्ष्मीबाई भेटतात त्या घोड्यावरच्या, तहानलेल्या, धुळीनं माखलेल्या बाई म्हणून. दिव्यत्वाचं वलय तिथे नाही आणि तरी त्या मोठ्या वाटतात, किंबहुना म्हणूनच. हे दोन्ही शेजारी ठेवले नसते तर त्या कादंबऱ्या मला बऱ्या वाटल्या असत्या.

आणि अर्नाळकर? त्यांच्या बहुतेक कथा मला अर्ध्यात ओळखू आल्या. योगायोगांना अंत नाही, वेषांतर इतकं सोपं की घरच्यांनाही ओळखू येत नाही. पण एक गोष्ट त्या ऐतिहासिक कादंबऱ्यांपेक्षा निश्चित सरस: वाक्य. छोटं, धावतं, विशेषणांचं ओझं न वाहणारं. तीन ओळींत माणूस खोलीत येतो, पिस्तूल निघतं, दिवा विझतो. गिरणगावातला वाचक दिवसभर राबून आल्यावर ते भाड्यानं आणून वाचत होता, आणि दुसऱ्या ओळीत कंटाळला तर पुन्हा तो लेखक आणणार नव्हता. ही परीक्षा संपादकाच्या परीक्षेइतकी खोल नसेल, पण तिच्यात वशिला चालत नव्हता. तिनं मराठी गद्यातून किती चरबी काढून टाकली याचा हिशेब कुणीतरी अभ्यासकानं बसून मांडावा. पीएचडीचे विषय संपलेत अशी ओरड ऐकू येते, त्यांच्यासाठी हजाराच्या वर पुस्तकं वाट पाहताहेत, आणि त्यातली बरीचशी कागदाचा भुगा व्हायच्या बेतात आहेत.